भांडं तापवायचं, कथील नाही : एका गायन शिक्षिकेचं पहिलं सोल्डरिंग

पार्श्वभूमी

मिरजेतल्या एका गायन शिक्षिकेची ही हकीकत आहे. पन्नाशी उलटलेली, घरातच क्लास, गांधर्वच्या परीक्षांना बसणारी पंधरा-वीस मुलं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्यांना ‘ताई’ म्हणतो, इथेही तेच ठेवतो. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो. माझी नात त्यांच्याकडे गाणं शिकते, म्हणून त्या मला ‘सर’ म्हणतात. वयाने मी मोठा, पण सुराच्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलायची माझी टाप नाही.

ताईंच्या कपाटात तीन वस्तू बंद पडून होत्या. पहिली, विजेवर चालणारा जुना इलेक्ट्रॉनिक तानपुरा. तो वाजायचा, पण सुराखाली सतत एक घरघर. दुसरी, ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड. सेलवर छान चालायचा, अडॅप्टर लावला की मुका. वायर एका कोनात वाकवून धरली तर क्षणभर जिवंत व्हायचा. तिसरी, माइकसाठीचा छोटा स्पीकर, त्याचं बटण फिरवलं की खरखर.

मिरजेत राहून डबीतल्या तानपुऱ्यासाठी जीव टाकायचा, हे ऐकून कुणीही हसेल. इथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती वाद्यं बनवणाऱ्यांची दुकानं ताईंच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. खरा तानपुरा ताईंकडेही आहे, गवसणीत. पण एक बॅच पांढरी एकमध्ये, पुढची काळी चारमध्ये, म्हणजे प्रत्येकीचा सा पेटीच्या वेगळ्या पट्टीवर. दर तासाला चार तारा उतरवून चढवणं रोजच्या क्लासमध्ये जमत नाही.

अडचण नेमकी काय होती

वस्तू बिघडल्या एवढीच अडचण असती तर ही नोंद लिहिली नसती. परीक्षा दीड महिन्यावर होती. तानपुरा गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर तो म्हणाला, “ठेवून जा, पंधरा दिवसांनी बघू, पण याचे पार्ट मिळत नाहीत.” कीबोर्डसाठी त्याने आख्खा बोर्ड बदलायला सांगितलं. त्याची लबाडी होती असं मी म्हणणार नाही. सुटी दुरुस्ती करायला जो वेळ जातो त्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणून हल्ली सगळेच बोर्ड बदलायला सांगतात.

ताई माझ्याकडे आल्या त्या वेगळाच प्रश्न घेऊन. “सर, पेटीचे सूर मी स्वतः घासून लावते. मग हे का नाही जमणार?”

पेटीच्या पितळी पट्टीचं टोक किंचित घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. एक फटका जास्त पडला तर पट्टी गेली. हे काम ताई वीस वर्षं करत आल्या आहेत. असा हात ज्याचा आहे त्याला सोल्डरिंग, म्हणजे कथलाचा मिश्रधातू वितळवून सांधे जोडणं, दोन दिवसांत येईल, असं मी मनात ठरवून टाकलं. इथेच मी पहिल्यांदा चुकलो, आणि ते कसं ते पुढे येईलच.

समोरचे पर्याय

आम्ही चहा घेत चार वाटा बोलून पाहिल्या. नवा तानपुरा घेणं ही सरळ वाट, पण ताईंना त्या यंत्राचा आवाज सवयीचा होता आणि नव्याचे पैसे आत्ता काढायचे नव्हते. फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप होतंच, ते परीक्षेपर्यंत वापरायचं ठरलं. त्यामुळे घाई थोडी कमी झाली आणि बाकी सगळं शक्य झालं. तिसरी वाट म्हणजे मीच दुरुस्त करून द्यायचं. मी तयार होतो, ताई नव्हत्या. चौथी, ताईंनी शिकायचं आणि मी बाजूला बसायचं.

चौथी वाट धरली. मग प्रश्न आला की तिन्हींपैकी आधी काय उघडायचं. ताईंना तानपुरा हवा होता. मी नाही म्हणालो. त्या यंत्राचा ट्रान्सफॉर्मर खोक्याच्या आतच आहे, म्हणजे झाकण काढलं की २३० व्होल्ट बोटांच्या शेजारी. शिकाऊ माणसाचं पहिलं काम तिथे नको. कीबोर्ड अडॅप्टरवर चालतो, आत ९ व्होल्टच्या वर काही नाही. तो आधी. हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

चुकीचा निर्णय त्याच बैठकीत झाला, आणि तेव्हा तो निर्णय आहे हेही लक्षात आलं नाही. भंगारातल्या एखाद्या बोर्डावर आधी हात बसवायचा, हा मुद्दा मीच काढला आणि मीच सोडून दिला. संशय कीबोर्डच्या जॅकवर, म्हणजे अडॅप्टरची पिन जिथे घालतात त्या खोबणीवर होता. “जॅकचे तीनच तर पाय आहेत, थेट करा,” म्हणालो. आयटीआयच्या एकाही पोराला मी असं कधी करू दिलं नव्हतं.

खरेदी किरकोळ होती : २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न (सोल्डर वितळवायचं तापत्या टोकाचं हत्यार), स्टँड, राळेचा गाभा असलेली ६०/४० (साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं) सोल्डर वायर, सोल्डर ओढून घ्यायचा सकर, ते शोषून घेणारी तांब्याच्या जाळीची विक, आणि दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजवणारा साधा मल्टिमीटर. नवा डीसी जॅक चहाच्या भावात आला.

जागेवरून मात्र बराच खल झाला. सोल्डर करताना जो धूर निघतो तो शिशाचा नसतो. आयर्नच्या उष्णतेला शिशाची वाफ होत नाही. धूर राळेचा असतो. पण तो निरुपद्रवी नाही, श्वासनलिकेला झोंबतो, आणि रोज त्यात काम करणाऱ्यांना त्यामुळे दमा जडल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. गाणाऱ्या माणसाने तर घसा जपायलाच हवा. म्हणून क्लासच्या खोलीऐवजी मागची पडवी ठरली, धूर तोंडापासून दूर नेणारा छोटा पंखा, आणि काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. शिसं पोटात जातं ते हातातून, आणि घरात मुलं येतात.

पहिली दुरुस्ती : कीबोर्ड

निदान सोपं होतं. डीसी जॅकमध्ये पिन घातली की आतली एक पट्टी बाजूला होते आणि सेलचा मार्ग तुटतो. म्हणून सेलवर चालणारा कीबोर्ड अडॅप्टर लावताच मुका होत होता. पिन सेलला बाजूला सारत होती, पण अडॅप्टरची वीज आत पोचत नव्हती. झाकण काढून भिंगाखाली पाहिलं तर जॅकच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर. मेकॅनिक लोक याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. मुलं येता-जाता वायरीत पाय अडकवत, आणि प्रत्येक हिसका त्या सांध्यावर बसत होता.

जॅकही सैल झाला होता, म्हणून तो काढून नवा बसवायचं ठरलं. त्या संध्याकाळी मी सांगलीला एका लग्नाला गेलो होतो. ताईंनी थांबायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांनी फोन केला तेव्हा “उद्या करू” असं मीही म्हणालो नाही.

“सर, जुनं सोल्डर वितळतच नाहीये.”

“अजून थोडं धरा.”

“धरलंय. दहा-पंधरा सेकंद झाली.”

“जरा दाबून धरा. होईल.”

मंडपात सनई चालू होती. आयर्नचं टोक कसं दिसतंय, हे मी विचारलं नाही. वीसेक सेकंदांनी सोल्डर वितळलं, ताईंनी जॅक ओढला, आणि पायाबरोबर तांब्याचा गोल पॅड (पाय जिथे जोडतात ती चकती) आणि ट्रॅकचा (बोर्डावरून वीज नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीचा) छोटा तुकडा सोलून हातात आला. पलीकडून नुसतं “अगंबाई” ऐकू आलं.

पुढे काय करायचं, हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण होता. ताईंची पहिली इच्छा, तिथेच सोल्डरचा गोळा टाकून जॅक चिकटवून द्यावा. दुसरी, सगळं बंद करून कीबोर्ड भंगारात द्यावा. मी सांगितलं ते इतकंच : आयर्नचा प्लग काढा, सुटलेला तुकडा जपून ठेवा, फोटो पाठवा, आणि आज हात लावू नका. त्या दिवशी फोनवरून मी दिलेला हा एकच सल्ला चांगला होता.

पॅड का सुटला

दुसऱ्या दिवशी बोर्ड हातात घेतल्यावर तीन कारणं दिसली.

पहिलं, टोक काळंठिक्कर होतं. नवं आयर्न तापताक्षणी त्याच्या टोकावर सोल्डरचा पातळ थर चढवावा लागतो, नाहीतर टोक हवेत जळून त्यावर ऑक्साइड चढतं आणि उष्णता पुढे जातच नाही. ताईंनी ते अर्धा तास तापत ठेवलं होतं.

दुसरं, जुनं सोल्डर बिनशिशाचं होतं. युरोपीय महासंघाने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर निर्बंध घातले, आणि जगभर विकायच्या बहुतेक वस्तू त्यानंतर बिनशिशाच्या सोल्डरने जोडल्या जाऊ लागल्या. ते साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं. आपल्या हातातलं ६०/४० मात्र १८३ अंशांना मऊ होऊ लागतं आणि १९०पर्यंत पूर्ण वितळतं. यावरचा उपाय उफराटा वाटेल : जुनं सोल्डर काढायचं असेल तर आधी त्यावर नवं घालावं. दोन्ही मिसळतात, मिश्रण कमी उष्णतेला वितळतं, आणि सगळं एकदम सुटून येतं.

तिसरं कारण ताईंच्या हातात होतं, आणि तेच मला आधी दिसायला हवं होतं. पेटीची पट्टी घासताना घाई करणारा माणूस पट्टी घालवतो. थांबायचं, ऐकायचं, पुन्हा हलकेच घासायचं. हीच सबुरी ताईंनी इथे वापरली. पण तो बोर्ड होता कागद आणि फिनॉलिक राळेचा, तपकिरी, स्वस्त. त्याच्यावर तांबं नुसतं चिकटवलेलं असतं आणि सतत उष्णता दिली की तो चिकटा सुटतो. चांगला सांधा दोन-तीन सेकंदांत होतो. पाच सेकंदांत झाला नाही तर आयर्न उचलायचं, काय चुकलंय ते पाहायचं, बोर्ड गार होऊ द्यायचा. ज्या हातावर भरवसा ठेवून मी सराव गाळला, त्याच हाताच्या सवयीने पॅड उखडला.

दोन संध्याकाळी भंगारावर

मग जे आधी करायचं ते केलं. माझ्याकडे बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा बोर्ड होता. वीस पार्ट काढायचे, तेच वीस परत बसवायचे.

टोकाला सोल्डर चढवण्याबद्दल मी माझं ठरावीक आयटीआयचं व्याख्यान सुरू केलं. ताईंनी मध्येच थांबवलं. “म्हणजे कल्हई!”

लहानपणी दारात येणारा कल्हईवाला त्यांना आठवला. भाता, कोळसे, भांड्यात टाकलेल्या नवसागराचा पांढरा धूर, कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं कथील. मी चाळीसेक वर्षं हे काम केलं, पण ही तुलना मला कधी सुचली नव्हती. शिवाय ती वरवरची नाही. राळ करते तेच नवसागर करतो : धातूवरचा मळ खातो, म्हणजे कथील धरतं. (नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स मात्र बोर्डावर कधीही लावू नये, तो पुढे ट्रॅक खात बसतो.) आणि मुख्य म्हणजे, कल्हईवाला कथील जाळावर धरत नाही. तो भांडं तापवतो आणि तापल्या भांड्यावर कथील आपोआप पसरतं.

नेमकी हीच गोष्ट ताई उलट करत होत्या. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि तो सांध्यावर नेऊन ठेवायचा. अशाने राळ वाटेतच जळते आणि थेंब मण्यासारखा वर बसून राहतो, आत धरत नाही. आता त्या टोक एकाच वेळी पायाला आणि पॅडला टेकवू लागल्या, मनात एक-दोन मोजून पलीकडच्या बाजूने वायर लावू लागल्या. सहाव्या-सातव्या सांध्यापासून सोल्डर पायाभोवती आत वळलेल्या उतारासारखं, चकचकीत बसायला लागलं. मोजायला त्या त्रितालाच्या मात्रा वापरत होत्या. मी काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी कीबोर्ड पुन्हा उघडला. जिथे पॅड नाही तिथे सोल्डर धरणार नाही, म्हणून तुटलेल्या ट्रॅकवरचा हिरवा लेप ब्लेडने खरवडून खालचं तांबं उघडं करायचं आणि तिथून जॅकच्या पायापर्यंत बारीक वायर जोडायची. त्या खरवडण्यात ताईंच्या हाताला तोड नव्हती. दोन मिलिमीटर तांबं त्यांनी असं उघडं केलं की शेजारच्या ट्रॅकला ओरखडा नाही. माझ्याकडून इतकं साफ झालं नसतं.

अडॅप्टर लावण्याआधी मीटरने दोन गोष्टी पाहिल्या. अधिक आणि उणे यांच्यात बीप नको, आणि अडॅप्टरच्या पिनेत मध्यभागी कोणतं टोक आहे ते यंत्रावरच्या खुणेशी जुळायला हवं. काही यंत्रांत मध्य अधिक असतो, काहींत उणे. गिटारच्या पेडलना तर सर्रास उणेच. पिन बसते म्हणून अडॅप्टर चालतो असं नाही.

कीबोर्ड चालू झाला. ताईंनी पहिलं काम केलं ते अडॅप्टरची वायर स्टँडच्या पायाला सुतळीने बांधण्याचं, म्हणजे पुढचा हिसका सुतळीवर बसेल.

दुसरी दुरुस्ती : तानपुरा

आता घरघर. झाकण उघडण्याआधी मी ताईंना म्हटलं, हा आवाज कीबोर्डवर कुठे सापडतो बघा. त्यांनी डावीकडून सुरुवात केली आणि पाचव्या पांढऱ्या पट्टीवर थांबल्या. “पांढरी पाच. पण घरघर जरा चढी आहे.”

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवरची ती पट्टी ९८ हर्ट्झची. तिच्यापेक्षा किंचित चढा म्हणजे १००. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि तिला एकाच दिशेला वळवणाऱ्या डायोडच्या पुलातून गेल्यावर तिची लाट दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची होते. नुसता ५० हर्ट्झचा गुणगुणाट असता तर तो या कीबोर्डच्या सगळ्यात खालच्या पट्टीच्याही खाली गेला असता. म्हणजे संशय डायोडच्या पुढे, लाट सपाट करणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरवर. हा पुरावा नाही, पण दिशा नक्की. मीटर बाहेर काढण्याआधी कानाने एवढं सांगणारा विद्यार्थी मला वर्गात भेटला नव्हता.

झाकण मी उघडलं. नियम एकच : प्लग काढून टेबलावर, दोघांच्या नजरेसमोर ठेवायचा. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कॅपॅसिटर रेग्युलेटरला, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आणि त्यात तापणाऱ्या पार्टला, खेटून बसवलेला होता. वर्षानुवर्षं त्या धगीत आतला द्रव सुकतो. खात्रीसाठी, प्लग काढलेला असतानाच, चांगला कॅपॅसिटर क्लिपांनी जुन्याच्या समांतर जोडला, मग हात मागे घेऊन वीज लावली. घरघर जवळजवळ गेली. निदान पक्कं.

इथे पुन्हा एक घसरण झाली, पण लहान. ताईंनी जुना कॅपॅसिटर दोन सेकंदांच्या दोन टेकणींत सुरेख काढला आणि आनंदाच्या भरात फोटो काढायच्या राहिल्या. कॅपॅसिटरवर उण्याची पट्टी असते, पण बोर्डावरची खूण पुसट झाली होती. उलटा बसवला तर तो फुगतो, फुटूही शकतो. “बहुतेक पट्टी उजवीकडे होती,” ताई म्हणाल्या. ‘बहुतेक’वर काम करायचं नाही, असं ठरवून मीटर घेतला आणि रेग्युलेटरच्या मधल्या पायाशी कोणतं भोक बीप देतं ते पाहिलं. मधला पाय ग्राउंडचा, म्हणून ते भोक उण्याचं. ते डावीकडचं निघालं.

नवा कॅपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पण ३५ व्होल्टचा आणि १०५ अंशांपर्यंत चालणारा घेतला, आणि धगीपासून थोडा लांब, पाय वाकवून बसवला. पहिल्यांदा वीज लावली ती मालिकेत ४० वॉटचा बल्ब जोडून. कुठे शॉर्ट असता तर बल्ब भकाभक पेटला असता. तो पेटला नाही. काळी चार लावली, आणि खालचा तो पांढरी पाचचा भुंगा गेलेला होता.

पंचमाचा आवाज मात्र अधूनमधून अडखळतो. कारण बहुधा मुख्य बोर्डावरच्या दाट पायांच्या चिपजवळ आहे. ताईंनी भिंगातून ते पाय पाहिले, आयर्नच्या टोकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “इथे नको.” मीही आग्रह केला नाही.

आज हेच करायचं तर

सेट-टॉप बॉक्सच्या त्या दोन संध्याकाळी मी पहिल्याच आठवड्यात ठेवीन. कीबोर्ड आधी आणि तानपुरा नंतर, हा क्रम तसाच. फोनवरून शिकवणार नाही. शिकवावंच लागलं तर पहिला प्रश्न ‘टोक चकाकतंय का?’ हा. पार्ट काढण्याआधी फोटो, आणि तो झाल्याशिवाय आयर्न स्टँडवरून उचलायचं नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं मत अजून पक्कं होत नाही. पॅड उखडला नसता तर ताईंनी टोक, वेळ आणि जुनं सोल्डर यांकडे इतक्या बारकाईने पाहिलं असतं का? भंगाराच्या बोर्डावर पॅड गेला असता तर त्या हसून पुढे गेल्या असत्या. पण हे तर्कट मी माझ्याच चुकीवर पांघरूण घालायला वापरत असेन, अशीही शंका येते.

सध्याची स्थिती

मुलं परीक्षेला बसली. तानपुरा क्लासमध्ये परत आला, ॲप क्वचितच लागतं. कीबोर्डची वायर अजून सुतळीनेच बांधलेली आहे. छोटा स्पीकर ताईंनी मला न विचारता उघडला. व्हॉल्यूमच्या बटणात काँटॅक्ट क्लीनर मारला, चारदा फिरवला, आणि खरखर थांबली. आयर्न तापवावंच लागलं नाही, याची त्यांना थोडी खंत वाटली.

गेल्या आठवड्यात भजनी मंडळातले एक आजोबा त्यांच्याकडे बंद पडलेला ॲम्प्लिफायर घेऊन आले. ताईंनी मागे वळवून पाहिलं. विजेची वायर थेट खोक्यात जाणारी. त्यांनी तो ठेवून घेतला, प्लगला चिठ्ठी बांधली, ‘सर आल्यावर’, आणि उखडलेला तो तांब्याचा पॅड ज्या डबीत ठेवलाय त्या डबीशेजारी नेऊन ठेवला.